ज्याने पकडला त्याने साफ करायचा

माझ्या वडिलांनी आयुष्यात कधी मासा पकडला नव्हता. हे आधीच सांगते, कारण रत्नागिरीचा माणूस म्हटलं की लोकांना वाटतं, जन्मला तोच होडीत. बाबा एसटीच्या डेपोत नोकरीला होते. समुद्र घरापासून वीस मिनिटांवर, पण घोट्याच्या वर पाण्यात ते कधी गेल्याचं मला आठवत नाही. त्यांना मासा घेता यायचा. कल्ला उचलून आतला लाल रंग बघायचा, पोटावर अंगठा दाबायचा, डोळे नीट निरखायचे, मग तोंड वाकडं करून निम्मा भाव सांगायचा आणि दोन पावलं चालू लागायचं. मागून हाक आली की जिंकले. पिशवी आणून ओट्यावर ठेवली की त्यांचं काम संपलं. खवले, पोट, तुकडे, वाटण, कालवण, तळण हे सगळं आईचं खातं. बाबा हातपाय धुऊन पानावर बसायचे आणि पहिल्या घासालाच, मासा किती ताजा मिळाला, ते आईला सांगायचे.

आई गेली त्याला सात महिने झाले होते, तेव्हा मी त्यांना अमेरिकेत, माझ्याकडे ॲन आर्बरला घेऊन आले. तिकडे एका बाईंचा डबा लावला होता, तो अर्धा परत जायचा. शेजारच्या काकूंनी मला फोनवर सांगितलं, शर्टाची कॉलर सैल झालीय गं त्यांची. मी गेले, बॅग भरली, मार्चचं परतीचं तिकीट काढलं आणि त्यांना विमानात बसवलं. तिकीट परतीचं असलं तरी परत पाठवायचा माझा विचार नव्हता. ग्रीन कार्डाचा फॉर्म मी त्यांना न विचारताच भरायला घेतला होता.

वाद घालायची वेळ आली तर माझ्याकडे हुकमाचा एक्का होता. "बाबा, तिकडे एकटे राहून तुम्ही खाणार काय?" या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. ज्या माणसाला चहासुद्धा करता येत नाही आणि येत नाही याचा थोडा अभिमानच आहे, तो काय उत्तर देणार? ते खिडकीबाहेर बघायचे. आमच्या खिडकीतून समोरच्यांचं गॅरेज आणि बर्फाचे ढिगारे दिसतात. महिनाभर ते तेच बघत होते, आणि मी त्याला रुळणं म्हणत होते.

खाण्याचं मात्र इथेही जमेना. मी दुकानातून गोठवलेलं पापलेट आणलं. बाबांनी ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं, ओट्यावर आपटून आवाज ऐकला आणि म्हणाले, "हा गेला तेव्हा मी नोकरीत असेन." कालवण केलं, त्यातला रस्सा त्यांनी भाताला लावला आणि तुकडे कडेला सारले. माझा नवरा नागपूरचा, पक्का शाकाहारी. घरात मासा शिजला की तो उणे दहातही खिडकी उघडतो. म्हणजे मासा कुणीच खाल्ला नाही आणि घर मात्र गार पडलं.

एका शनिवारी त्यांच्यासाठी लोकरीचे मोजे घ्यायला निघालो होतो. वाटेत तळं लागतं, घरापासून पंचवीस मिनिटांवर. हिवाळ्यात ते गोठतं आणि सगळा गाव त्याच्यावर लोटतो. बाबांनी गाडीची काच पुसली.

"ती माणसं पाण्यावर बसून काय करतायत?"

"बर्फाला भोक पाडून मासे पकडतायत. पर्च नावाचा मासा असतो."

ते सीटवर सरळ बसले. महिन्याभरात पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून काही मागितलं. "थांब जरा," म्हणाले. मोजे राहिले.

तळ्यावर जत्राच होती, फक्त देव नव्हता. लाल-निळे तंबू, घसरगाड्यांवर सामान ओढणारी माणसं, मोकाट कुत्री, कुणाचा तरी रेडिओ, कुठेतरी सॉसेज भाजल्याचा वास. बाकीचे उघड्यावरच, उलट्या बादलीवर बसलेले, हातात वीतभर काठी आणि नजर दोन पायांमधल्या भोकात. एकमेकांशी फारसं कुणी बोलत नव्हतं. बाबा काठावर थबकले.

"खाली पाणी आहे ना?"

"दहा इंच बर्फ आहे वर. लोक गाड्या आणतात काही ठिकाणी."

"लोकांचं सांगू नकोस," म्हणाले आणि पाऊल टाकलं. तेवढ्यात दूर कुठेतरी तळ्याने मोठा ढेकर दिल्यासारखा आवाज केला. थंडीत बर्फ ताणला की तसा होतो, घाबरायचं कारण नसतं, पण हे मला माहीत होतं, त्यांना नाही. त्यांनी माझा दंड पकडला तो चांगला पन्नास पावलं सोडला नाही. नंतर मात्र बादल्या दिसल्या. बादल्यांमध्ये मासे होते. मग दंडही सुटला आणि मीही.

मी मागून बघत होते, म्हणून मला अंदाज यायला उशीर झाला. एका म्हाताऱ्या माणसाच्या बादलीपाशी ते थांबले. तो सत्तरीचा, डोक्यावर कानटोपी, मिशीवर दव गोठलेलं. बाबांनी हातमोजा काढला, बादलीत हात घालून एक पर्च उचलला. हिरवट सोनेरी अंग, त्यावर काळे उभे पट्टे, पोटाखालचे पंख नारिंगी. त्यांनी कल्ला उघडून आत पाहिलं. पोटावर अंगठा दाबला. डोळे तपासले. मासा ठेवला, दुसरा उचलला. असे पाच मासे निवडून त्यांनी बर्फावर ओळीने मांडले आणि खिशातून पाकीट काढलं.

"हाऊ मच?"

म्हातारा म्हणाला, विकायचे नाहीत.

आता हे वाक्य रत्नागिरीच्या बाजारातही ऐकू येतं आणि तिथे त्याचा अर्थ, पुढे बोला, असा असतो. बाबांनी तोंड वाकडं केलं. मासे लहान आहेत, असं बोटांनी दाखवलं. मान हलवली. आणि पाठ फिरवून दोन पावलं चालू लागले.

हाक आली नाही. बाबांनी आणखी दोन पावलं टाकली. मग चाल मंदावली. मग त्यांनी हळूच मागे बघितलं. म्हातारा ते पाच मासे शांतपणे परत बादलीत टाकत होता. बाबा तिथेच उभे राहिले, हातात पाकीट, एक हात उघडा. चाळीस वर्षं एकदाही न फसलेला डाव पहिल्यांदा फसला होता. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. बर्फावर उभं राहून असं वाटणंही धोक्याचंच.

मी जाऊन माफी मागितली. आमच्याकडे मासा असा बघून घेतात, त्यांना माहीत नव्हतं, वगैरे. तो हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, असे पकडलेले मासे विकणं इथे कायद्यात बसत नाही. त्यांना हवे असतील तर बादली आहे, बसायला सांग.

मग त्याने आपलं मोठं गिरमिट उचललं आणि बाजूला नवं भोक पाडून दिलं. मी फोनवर बाबांचं लायसन काढलं. भोकातला बर्फाचा चुरा काढायला त्याच्याकडे झाऱ्यासारखी पळी होती, ती बाबांच्या हातात दिली. शर्टाच्या खिशातून त्याने एक डबी काढली. अळ्या गारठू नयेत म्हणून तो त्या छातीशी ठेवत असे. बाबांनी डबीत बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. गळाला अळी शेवटी म्हाताऱ्यानेच लावली.

दोन तास. मी गाडीत जाऊन बसत होते, परत येत होते. माझ्या पायांच्या बोटांचा पत्ता नव्हता आणि हा माणूस, घरात दोन स्वेटर घालून कुडकुडणारा, त्या भोकावर वाकून बसला होता. मला गंमत वाटली आणि थोडा रागही आला. शेवटी काठीचं टोक दोनदा लवलं. म्हाताऱ्याने नुसता हात वर केला. बाबांनी दोरी हाताने ओढून घेतली आणि वीतभर लांबीचा एक पर्च बर्फावर येऊन उड्या मारू लागला. तो धरताना पाठीचा काटा तळव्यात घुसला. बाबांनी रक्त पँटला पुसलं, मासा पिशवीत घातला आणि उठले.

आणि उठल्या उठल्या त्यांनी ती पिशवी माझ्यासमोर धरली. न बघता, सवयीने. मीही हात पुढे केला, न बघता, सवयीने.

म्हाताऱ्याने विचारलं, ते तुला का देतायत?

म्हटलं, साफ करायला.

तो म्हणाला, इथला नियम वेगळा आहे, सांग त्यांना. ज्याने पकडला त्याने साफ करायचा.

या वाक्याचं भाषांतर मी फार आनंदाने केलं. खरं तर थोडं वाढवूनच केलं. म्हटलं, इथे बायकांच्या हातात पिशवी दिली तर लोक हसतात. बाबांना वाटलं तोच बोलतोय. त्यांनी पिशवी मागे घेतली.

म्हाताऱ्याचं घर काठावरच होतं. त्याच्या गॅरेजमध्ये एक लाकडी टेबल, छोटा हीटर, जुनी वर्तमानपत्रं, सुरी आणि एक स्टीलचा चमचा. त्याची बायको आत टीव्ही बघत होती. चाळीस वर्षांत तिने एकही मासा घरात आणू दिलेला नाही, असं तो म्हणाला. जे करायचं ते गॅरेजमध्ये कर आणि हात धुऊन आत ये. हे तो तक्रारीने म्हणाला नाही. पाऊस पडतो, ऊन पडतं, तसं म्हणाला. माझी आई असं दार लावून का बसली नाही कधी, असं माझ्या मनात आलं, आणि ते दिवसभर गेलं नाही.

चमच्याच्या कडेने शेपटीकडून डोक्याकडे खवले खरवडायचे. पर्चचे खवले चिवट. ते बाबांच्या चष्म्यावर उडाले, भुवईवर बसले. पोट फाडताना सुरी खोल गेली आणि पित्त फुटलं. एक मासा, पंचवीस मिनिटं. मी फोटो काढला आणि रत्नागिरीच्या काकूंना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "हे कोण?"

घरी आल्यावर तो मासा तळला मीच. कोकमाचं आगळ, हळद, तिखट, वरून तांदळाचं पीठ. बाबांनी डोक्यासकट खाल्ला, काटे चोखून ताटाच्या कडेला रचले आणि दोनदा भात घेतला. मी नवऱ्याला आतल्या खोलीत नेऊन सांगितलं, आता राहतील.

"काय यार," तो म्हणाला, "एका माशावर तू माणूस पकडतेस?"

पण मला खात्री होती. त्यांना काहीतरी करायला मिळालं होतं. पुढच्या मंगळवारी म्हाताऱ्याचा पिकअप आमच्या दारात येऊन थांबला आणि हॉर्न वाजला. मग गुरुवारी. मी लॅबमध्ये असायची, मला रात्रीच्या जेवणाला कळायचं. दोघांमध्ये भाषा म्हणजे "गुड", "नो" आणि "कॉफी" एवढीच, तरी बाबा मला सांगायचे की त्याला गुडघ्याचं दुखणं आहे आणि मुलगा दुसऱ्या राज्यात असतो. हे त्यांना कसं कळलं, विचारायची सोय नव्हती. लायसनची प्रिंट त्यांनी मागून घेतली आणि एसटीच्या पाससारखी प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवली. मासे आता साफ होऊनच घरी यायचे. आधी पाठीवर सुरीचे दहा वार दिसायचे, मग चार, मग एकही नाही.

मी तळायची. ते माझ्या बाजूला उभे राहायला लागले. मला वाटलं, गारठ्यामुळे येतात, शेगडीपाशी ऊब असते. मग लॅबमध्ये फोन यायला लागले.

"एका माशाला तिखट किती?"

"अर्धा चमचा. का?"

"सहज. आणि आगळ लावून किती वेळ ठेवायचा?"

"पंधरा मिनिटं. मी आल्यावर करते हो, तुम्ही नका त्रास घेऊ."

"नाही, नाही. सहज."

एकदा त्यांनी विचारलं, आई तिरफळं वाटणात घालायची की नुसती ठेचून वरून? मी सांगितलं, ठेचून, शेवटी, आणि झाकण घालायची. फोन ठेवल्यावर मी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला कौतुकाने सांगितलं की माझे बाबा या वयात स्वयंपाकाची चौकशी करतायत. ग्रीन कार्डाचा फॉर्म त्याच आठवड्यात मी जवळजवळ पुरा केला. फक्त त्यांची सही राहिली होती. ती शनिवारी घेऊ म्हटलं, तळ्यावरून आले की खुशीत असतात.

शुक्रवारी मी सहाला घरी आले. जिन्यातच वास आला. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या सताड उघड्या होत्या, नवरा स्वेटर घालून हॉलमध्ये लॅपटॉपवर, आणि टेबलावर एक ताट मांडलेलं. एकच. भात, कालवण, आणि तळलेले दोन पर्च, दोन्ही बाजूंनी सारखे खरपूस. बाबा शेगडीपाशी उभे होते. हात पुसायला फडकं खांद्यावर टाकलेलं.

"बस," म्हणाले.

माझ्या बेचाळीस वर्षांत बाबांनी मला पान वाढल्याची ही पहिली वेळ. मी कोटही न काढता बसले. भात जरा आसट झाला होता. कालवण मात्र, काय सांगू, आमसुलाचा आंबटपणा बरोबर जिथे हवा तिथे, तिरफळाचा वास वर तरंगणारा. मी मान खाली घालून खात राहिले. ते समोर बसले, स्वतःला वाढून न घेता.

मासा अर्धा झाला तेव्हा ते म्हणाले, "तू सारखी विचारतेस ना, तिकडे खाणार काय म्हणून?"

मी वर बघितलं.

"हे खाईन."

मी तोंडातला घास चावत राहिले.

"मार्चचं तिकीट आहे, ते तसंच राहू दे," ते म्हणाले. "पोळ्या बाहेरून घेईन. भात जमतो. मासा तर आता येतोच."

"फॉर्म भरून झालाय, बाबा. सही तेवढी राहिलीय."

"असू दे."

"इथे काय कमी आहे तुम्हाला?"

"कमी काही नाही, बाय. पण घर बंद आहे तिकडे. तुझी आई तिथे वावरली, ते कुलूप लावून ठेवून मी इथे खिडकीत बसून काय करू?" मग ताटाकडे बघत, "मला वाटायचं, हे फार अवघड असेल. चाळीस वर्षं ती करत होती, मी कधी आत डोकावलो नाही, कारण वाटायचं अवघड आहे. अवघड नाही गं. नुसतं किचकट आहे. बाजूला उभा राहिलो असतो, दोन मासे खरवडून दिले असते, तरी तिला पुष्कळ झालं असतं."

मला राग आला. आईसाठी जे चाळीस वर्षांत सुचलं नाही, ते एका परक्या माणसाच्या गॅरेजमध्ये पाच आठवड्यांत जमलं, याचा राग. आणि त्याहून मोठा राग स्वतःचा. त्यांना तळ्यावर नेलं मी, नियम मराठीत सांगितला मी, तिखट किती आणि आगळ किती वेळ, तेही मीच. हुकमाचा एक्का मी माझ्याच हाताने त्यांच्या हातात दिला होता. आणि या सगळ्याखाली साधं दुःख होतं की ते जाणार, आणि यावेळी त्यांना थांबवायला माझ्याकडे काही नाही.

"कसं झालंय?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच ऐकायचं होतं.

मीठ अगदी बरोबर होतं. मी म्हटलं, "मीठ कमी आहे."

ते उठले. तिसऱ्या कप्प्यातून, पिठाच्या डब्यामागून, मिठाची बरणी काढली, मला न विचारता, आणि चमच्यासकट माझ्यापुढे आणून ठेवली.